कॉलेजच्या मंडळात शिरायचं कसं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

कॉलेजचं पहिलं वर्ष मी बसच्या खिडकीत घालवलं. शेवटचा तास संपला की दप्तर उचलायचं, बेळगावचं मध्यवर्ती बसस्थानक गाठायचं, खानापूरची गाडी पकडायची आणि तिथून नंदगडकडची. वर्गातल्या दहा जणींपलीकडे मला कुणी ओळखत नव्हतं आणि कॉलेजात काय काय चालतं याचा मला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या वर्षी श्रावणात एक दिवस पावसाने बस चुकली. पुढची गाडी दोन तासांनी. मराठी विभागाच्या व्हरांड्यात उभी होते, तर आत एक ताई जमिनीवर कार्डशीट पसरून बसली होती. कडेला खळीची वाटी. हवा इतकी दमट की चिकटवलेल्या कवितेच्या कागदाला बुडबुडे धरत होते आणि ती ते ओढणीच्या टोकाने दाबून काढत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्षर बरं आहे का गं तुझं? मग हे शीर्षक लिही की." मी लिहिलं. चार शब्द होते. दुसऱ्या दिवशी ते भित्तीपत्रक जिन्याजवळ लागलं आणि मी तासाला जाताना तीनदा त्याच्यासमोरून गेले.

वाङ्मय मंडळात मी अशी आले. फॉर्म नंतर भरला. पुढे मंडळाची सेक्रेटरी झाले, आणि आता दरवर्षी ओळखीपाळखीच्या पोरापोरींना प्रवेशाच्या दिवसांत हेच सांगत असते. यंदा सगळं एकदा लिहूनच काढते. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: मंडळात आत जायची वाट नोंदणीच्या फॉर्मातून फार थोडी जाते. कुठलंतरी लहानसं काम हातात घेऊन तीन वेळा वेळेवर हजर राहिलात की लोक तुम्हाला आपलं समजू लागतात. बाकी सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं.

आधी कॉलेजात काय काय असतं ते ओळखा

आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत तीन जातींची मंडळं असतात आणि तिन्हींचे नियम निराळे. हे न कळल्यामुळे पोरं ऑगस्ट संपता संपता फॉर्म घेऊन फिरतात आणि "आता जागा नाही" ऐकून परत येतात.

पहिली जात सरकारी योजनांची. एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना आणि एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना ही त्यातली मोठी, शिवाय यूथ रेडक्रॉस, रेड रिबन क्लब, रोव्हर्स-रेंजर्स. एनसीसीला जायचं असेल तर पहिलं वर्षच धरा, कारण तो तीन वर्षांचा हिशेब आहे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा, तिसऱ्याच्या शेवटी 'सी'ची. परेडला ७५ टक्के हजेरी आणि कॅम्प केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. दुसऱ्या वर्षी शिरलात तर 'सी' हातची जायची भीती. आणि 'सी'ची किंमत मोठी आहे: चांगल्या श्रेणीत 'सी' आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असतील, तर सैन्यातल्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीला लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्याचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीला बोलावणं येऊ शकतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर ज्या गावात आहे तिथल्या पोरांना सैन्याचं अप्रूप वेगळं सांगायला नको, पण हा रस्ता कॉलेजातून जातो हे खेड्यातल्या पुष्कळ घरांत अजून ठाऊक नाही. भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाने जुलैतच एनसीसीच्या खोलीचं दार वाजवलं पाहिजे. निवडीला धावणं, उंची, थोडं लेखी आणि मुलाखत असते. जागा मोजक्या असतात.

एनएसएस त्या मानाने सोपं. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबरला ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम आणि त्यात एखाद्या गावात सात दिवसांचं शिबिर. एका युनिटमध्ये साधारण १०० स्वयंसेवक आणि त्यांच्यावर एक कार्यक्रम अधिकारी, म्हणजे तुमच्याच कॉलेजातले सर किंवा मॅडम. प्रमाणपत्र विद्यापीठाचं मिळतं. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला मी हेच पहिलं सुचवते. शिबिरात कुदळ कशी धरायची, गटार कुठे काढायचं, पन्नास माणसांच्या आमटीला किती डाळ लागते, हे तुम्हाला शहरातल्या मुलांपेक्षा जास्त कळतं. पहिल्यांदा कॉलेजात कुणीतरी तुम्हाला विचारून काम करतं आणि त्या सात दिवसांत माणूस बदलतो. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे.

दुसरी जात कॉलेजच्या स्वतःच्या मंडळांची: वाङ्मय मंडळ, कन्नड संघ, सायन्स असोसिएशन, कॉमर्स असोसिएशन, कल्चरल कमिटी आणि जिमखाना. आपल्याकडे जिमखाना म्हटलं की खेळ तर आलेच, पण पुष्कळ ठिकाणी स्नेहसंमेलनाचा कारभारही त्याच छताखाली चालतो. या मंडळांना बहुधा कडक निवड नसते. जो येतो तो असतो.

तिसरी जात अभियांत्रिकीवाल्यांची. मच्छेला ज्ञानसंगममध्ये मुख्यालय असलेलं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, म्हणजे व्हीटीयू, १९९८ पासून राज्यभरची अभियांत्रिकी कॉलेजं सांभाळतं. त्यांच्याकडे कोडिंग, रोबोटिक्स, गाडी बनवणारे चमू, आयईईई किंवा आयएसटीई या अभियंत्यांच्या-शिक्षकांच्या संस्थांच्या विद्यार्थी शाखा असं पुष्कळ काही असतं. इथे एक हिशेब पहिल्याच महिन्यात वहीत लिहा. तंत्रशिक्षणावर देशभर देखरेख ठेवणाऱ्या एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे चार वर्षांत १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट जमवायचे असतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ७५. गावातलं पाणी, कचरा, शाळा, शेतमाल अशा समाजोपयोगी कामांतून ते मिळतात. शेवटच्या वर्षी धावाधाव करून पॉइंट गोळा करणारी मुलं दरवर्षी दिसतात. मंडळाबरोबर आपल्याच गावातलं एखादं काम दुसऱ्या सेमिस्टरपासून धरलं तर हे पॉइंट आपोआप जमतात, आणि उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरीच्या मुलाखतीला सांगायला खरं काहीतरी असतं.

निपाणीकडच्यांसाठी एक वेगळी गोष्ट. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला लागून आहे, पण ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेलं. तिथे शिकणाऱ्यांचा युवा महोत्सव, एनएसएसचं प्रमाणपत्र, सगळं कोल्हापूरकडून येतं. तोच मुलगा गावातल्या दुसऱ्या कॉलेजात गेला तर त्याचं विद्यापीठ बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ. दोन मित्र एका गल्लीतून निघतात आणि दोन राज्यांच्या वेळापत्रकांवर चालतात. म्हणून मित्राने सांगितलेली तारीख आपली धरू नका. आपल्या कॉलेजच्या ऑफिसात विचारा.

पहिला आठवडा: पावती, फलक आणि क्लार्कमामा

प्रवेशाची पावती बाहेर काढा. त्यावर फीची लांबलचक यादी असते. तिच्यात जिमखाना, असोसिएशन, मॅगझिन, यूथ रेडक्रॉस अशी नावं सापडतील. म्हणजे मंडळाचे पैसे तुमच्या वडिलांनी आधीच भरले आहेत. "मंडळ म्हणजे पैसेवाल्यांचं काम" असं वाटत असेल तर ही पावती दोनदा वाचा. पावतीवरचं प्रत्येक नाव कॉलेजात प्रत्यक्ष कुठे आहे, ते शोधणं हे पहिल्या आठवड्याचं काम समजा.

मग सूचना फलक. तो बहुधा कन्नड आणि इंग्रजीत असतो. कन्नड वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढा आणि वर्गातल्या कन्नड मित्राकडून वाचून घ्या. भाषांतराचं ॲप कामाला येतं, पण शेजारच्या बाकावरच्याला विचारलंत तर सूचनाही कळते आणि ओळखही होते. फलकावर जुन्या सूचनांवर नव्या टाचलेल्या असतात, म्हणून खालचे कागदही उचलून बघा. मागच्या वर्षीच्या सूचनेवर प्रभारी प्राध्यापकांचं नाव असतं. यंदा कुणाला भेटायचं ते तिथे कळतं.

ऑफिसातल्या क्लार्कमामांशी आणि शिपाईमामांशी नीट बोला. कुठल्या मंडळाची खोली कुठली, किल्ली कुणाकडे, कोणते सर चार वाजेपर्यंत थांबतात, हे प्राचार्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. आमच्या कॉलेजात मंडळाचं जुनं कपाट कुठे आहे हे फक्त शिपाईमामांना माहीत होतं. त्यात पंधरा वर्षांपूर्वीची भित्तीपत्रकं गुंडाळून ठेवलेली निघाली.

बसची वेळ आधी, मंडळ नंतर

हा भाग मी मुद्दाम लांबवते, कारण आपल्याकडची निम्मी पोरं मंडळ सोडतात ती इथे.

कागदावर तीन ओळी लिहा: तास कधी संपतात, घरी जायची शेवटची सोयीची बस कधी, आणि त्याआधीची कधी. या दोन बसांच्या मधला वेळ हा तुमचा मंडळाचा वेळ. जांबोटीकडच्या मुलीला तो आठवड्यातून एक तास मिळेल, शहरातल्याच अनगोळ-वडगावच्या मुलाला रोज तीन. दोघांनी एकाच मंडळात एकसारखं काम करायचा हट्ट धरू नये. एकांकिकेच्या तालमी स्पर्धा जवळ आली की रात्री आठ-नऊपर्यंत चालतात. वस्तीच्या गाडीवर अवलंबून असणाऱ्याने मुख्य भूमिका घेतली तर शेवटच्या आठवड्यात तो स्वतःही रडतो आणि दिग्दर्शकालाही रडवतो. त्याने संहितेचं काम घ्यावं, वेशभूषेची यादी, तिकिटांचा हिशेब घ्यावा. घरी बसून करता येणारी कामं प्रत्येक मंडळात असतात आणि ती करायला माणसं कधीच पुरत नाहीत: मजकूर टाइप करणं, पोस्टर बनवणं, आमंत्रणांची यादी, मुद्रितं तपासणं.

मी स्वतः सेक्रेटरी असताना आठवड्यातून दोनच दिवस थांबत असे, बुधवारी आणि शनिवारी. हे पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. त्यामुळे "ही सारखी पळते" असं कुणी म्हणालं नाही. बुधवारचं काम बुधवारी पूर्ण होतं, एवढंच लोकांना हवं होतं.

पासाची मर्यादा बघा. तुमचा पास ज्या मार्गाचा आहे त्याच मार्गावर चालतो. मंडळाच्या कामाला शहरात दुसरीकडे जायचं तर भाडं पडतं. मुलींना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, आधार किंवा रहिवासाचं दुसरं ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. पण ही योजना कर्नाटकातल्या रहिवासी महिलांची आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून बेळगावला शिकायला येणाऱ्या मैत्रिणीला ती लागू नाही, हे सहलीचा खर्च काढताना विसरू नका. आमच्या हिशेबात एकदा हे सुटलं आणि ऐनवेळी तिच्या तिकिटाचे पैसे सगळ्यांनी मिळून काढले.

कार्यक्रम बघायला जा आणि खुर्च्या उचलेपर्यंत थांबा

जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक मंडळाचं उद्घाटन असतं. हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण. तेवढ्यावरून मंडळ कसं आहे ते कळत नाही. कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटं सभागृहात थांबा आणि बघा. खुर्च्या कोण उचलतंय? पदाधिकारी बॅज लावून पाहुण्यांसोबत चहाला गेले आणि पहिल्या वर्षाची पोरं घाम गाळतायत, असं असेल तर ते मंडळ वर्षभर तसंच चालणार. अध्यक्ष स्वतः चार खुर्च्या एकावर एक रचून नेत असेल, तर तिथे डोळे मिटून जा.

आणि तुम्हीही उचला. कुणी नाव विचारलं नाही तरी उचला. काम संपल्यावर उरलेला चहा आणि मिरची भजी घेऊन सगळे पायरीवर बसतात. खरी बैठक तिथे होते. पुढचा कार्यक्रम कोणता, पाहुणे कोण मिळत नाहीत, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं त्या पायरीवर कळतं. आमच्यातला एक वडगावचा दादा नव्या मुलांना हमखास विचारायचा, "तू कुठल्या गल्लीतला बे? उद्या येतोस की नाही?" त्या एका प्रश्नाने किती पोरं आत आली असतील, मोजदाद नाही.

पहिल्या महिन्यात तीन मंडळांचे कार्यक्रम बघा, दोन ठिकाणी हात लावा आणि ऑगस्ट संपायच्या आत एक पक्कं करा. दुसरं हवंच असेल तर हलकं घ्या. चार मंडळांत नाव असलेला मुलगा चारही ठिकाणी पाहुणा असतो.

भाषेची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला सगळ्यात मोठी भीती हीच. बैठकीत कन्नड आणि इंग्रजी चालतं, आणि आपण गप्प. मी सहा महिने गप्प होते, म्हणून अनुभवाने सांगते.

दोन-तीन वाक्यं तयार ठेवा. "नन्न हेसरु" म्हणून आपलं नाव, "नानु खानापुरदिंद बर्तेनी" म्हणजे मी खानापूरहून येतो, आणि सगळ्यात उपयोगाचं, "एन केलस ऐति?" म्हणजे काय काम आहे. एवढं बोलून "नानु माडतेनी" म्हणालात, मी करतो, तर समोरचा हसून अर्धं मराठीत बोलायला लागतो. बेळगावात मराठी येणारे कन्नडिग आणि कन्नड येणारे मराठी दोन्ही भरपूर आहेत. सुरुवात कुणी करायची एवढाच प्रश्न असतो. इंग्रजीसाठी सूत्रसंचालनाची लहान जबाबदारी मागून घ्या. पाहुण्यांची ओळख ही पाच-सहा वाक्यांची गोष्ट आहे. पाठ करून म्हटली तरी चालते. तिसऱ्या वेळेला कागद लागत नाही.

आपलं मराठीही सोडू नका. "मी त्याला सांगितलो" असं आपलं बोलणं ऐकून पुण्याहून आलेला परीक्षक कपाळाला आठी घालतो कधीकधी. वक्तृत्व स्पर्धेत प्रमाण मराठी बोला, ते शिकण्यासारखं आहे. पण एकांकिकेत, कथाकथनात आपली बोली तशीच्या तशी आणा. तिच्यातला तो "की" आणि "बे" दुसऱ्या कुणाला जमत नाही. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते आणि इंदिरा संतांची हयात याच गावात गेली. या गावच्या मराठीला कुणापुढे दबून राहायचं कारण नाही.

एक नाजूक गोष्ट. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा आणि इथल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाचा दिवस, जवळ आला की कॉलेजांत आणि गावात वातावरण तापतं. तुमची मतं तुमची, घरातून आलेली, खोलवरची. माझीही आहेत. पण मंडळाच्या ग्रुपवर त्या दिवसांत फॉरवर्ड टाकू नका आणि मंडळाचं नाव, बॅनर किंवा खोली कुठल्याही बाजूच्या कामाला देऊ नका. एका संदेशावरून तीन वर्षांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. शिवाय कॉलेजने कारवाई केली तर ती पूर्ण मंडळावर होते.

घरच्यांना कसं सांगायचं

मुलींसाठी लिहिते, पण मुलांनाही उपयोगी पडेल. आईला "कार्यक्रम आहे, उशीर होईल" एवढंच सांगितलं की घरात काळजी सुरू होते. त्याऐवजी कागद द्या. कॉलेजच्या लेटरहेडवर कार्यक्रमाचं नाव, ठिकाण, निघायची आणि परतायची वेळ, सोबतच्या मॅडमचं नाव आणि फोन. हे पत्र मागायला संकोचू नका, प्रभारी प्राध्यापक आनंदाने देतात. मी पहिल्यांदा सात दिवसांच्या शिबिराला निघाले तेव्हा बाबांनी मॅडमना फोन केला, पाच मिनिटं बोलले आणि मग स्वतःच माझी वळकटी बांधून दिली. दुसऱ्या वर्षी त्यांनी फोन केला नाही.

त्याच मार्गावरच्या दोन-तीन मैत्रिणी मंडळात असतील तर थांबायचे दिवस एकच ठेवा. परतीचा प्रवास एकत्र होतो. आणि एकदा तरी घरच्यांना कार्यक्रमाला बोलवा. लेकीला माइकवर बघितल्यावर बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यांची त्यांना मिळतात.

हजेरी आणि कागदपत्रं

मंडळाच्या कामासाठी तास बुडाला तर हजेरी आपोआप मिळत नाही. कार्यक्रमाच्या आधी अर्ज लिहा: नाव, वर्ग, रोल नंबर, तारीख, कोणते तास, कोणतं काम. प्रभारी प्राध्यापकांची सही, मग विभागप्रमुखांची. एक प्रत वर्गशिक्षकांना, एक स्वतःकडे. कार्यक्रम झाल्यावर सही मागायला गेलात तर चार दिवस फिराल. परीक्षेला बसायला हजेरीची अट असते आणि अभियांत्रिकीत ती अधिक कडक. महिन्याच्या शेवटी आपली टक्केवारी स्वतः मोजा. अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात मंडळाला सरळ सांगा की मी नाही. कुणी रागावत नाही.

प्रमाणपत्रांसाठी एक प्लॅस्टिकची फाइल घ्या आणि प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एनएसएसची डायरी त्याच दिवशी भरा. तास, तारीख, काम. शेवटच्या महिन्यात आठवून भरलेली डायरी ओळखू येते.

कुठे सावध राहायचं

मंडळासाठी कुणी स्वतःच्या फोनपेवर पैसे मागितले तर पावती मागा. पावती नसेल तर पैसे नाहीत. कोऱ्या कागदावर सही नाही. मंडळाच्या नावाने पक्षाच्या मोर्चाला नेत असतील तर आधी प्रभारी प्राध्यापकांना विचारा.

"इंट्रो"च्या नावाखाली कुणी नाचायला लावलं, रात्री खोलीवर बोलावलं, शिव्या दिल्या तर ती रॅगिंग आहे, मंडळाची परंपरा असली तरीही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमांत ती गुन्हा म्हणून धरली आहे. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, फुकट आणि चोवीस तास. मुलींना त्रास झाला तर प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं फलकावर लावलेली असली पाहिजेत. पहिल्या आठवड्यात फलकाचे फोटो काढाल तेव्हा तेही काढा.

आणि एक कमी दिसणारा त्रास. मला एका मंडळाने वर्षभर फक्त झेरॉक्स आणायला पाठवलं. कुठल्या बैठकीला बोलावलं नाही. लहान काम करण्यात कमीपणा नाही, पण तीन महिने झाले आणि तुम्हाला एकही निर्णय विचारला गेला नसेल, तर एकदा स्पष्ट बोला. तरी बदल नसेल तर निघा. मी निघायला उशीर केला, त्याचं अजून वाईट वाटतं.

मंडळच नसेल, किंवा बंद पडलं असेल तर

खेड्यातल्या लहान कॉलेजांत हे फार होतं. वाङ्मय मंडळ कागदावर असतं, दहा वर्षांत काही झालेलं नसतं. मग असं करा.

आधी माणसं जमवा, पाच पुरेत. एक प्राध्यापक पटवा, ते मराठीचेच असले पाहिजेत असं नाही. मग एका पानावर लिहा: मंडळाचं नाव, उद्देश दोन ओळींत, वर्षात करायचे तीन कार्यक्रम, लागणारा खर्च. दहा-पंधरा विद्यार्थ्यांच्या सह्या घ्या आणि प्राचार्यांना अर्ज द्या. अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहा, म्हणजे पुढे हलतो. पोच घ्यायला विसरू नका.

परवानगीची वाट बघत बसू नका. भित्तीपत्रकाला फारशी परवानगी लागत नाही. दोन कार्डशीट, खळ, स्केचपेन, शंभर-दीडशे रुपयांत होतं. पहिल्या अंकाला कविता मागू नका. सगळे प्रेमाच्याच देतात. गावावर लिहायला सांगा: आमच्या गावची यात्रा, आजीच्या ओव्या, विड्यांच्या कारखान्यात राबलेली आई, भीमगडच्या जंगलाकडेचं गाव. नाव छापून आलं की लिहिणारा दहा मित्रांना दाखवायला आणतो. जुन्या बातम्या, जुनी छायाचित्रं हवी असतील तर बेळगावचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ पासूनचं.

दुसरा कार्यक्रम २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. तो एकट्याने करू नका, कन्नड विभागाला सोबत घ्या. आम्ही एकदा कुसुमाग्रज आणि द. रा. बेंद्रे यांच्या कवितांचं वाचन ठेवलं होतं. बेंद्रे कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी, धारवाडचे, आणि त्यांची मातृभाषा मराठी. कन्नड मुलांनी कुसुमाग्रज कन्नडमध्ये करून वाचले, आम्ही बेंद्रे मराठीत. भाषांतर करताना दोन्हीकडची पोरं आठवडाभर ग्रंथालयात डोकी खुपसून बसली होती. प्राचार्य शेवटपर्यंत थांबले आणि पुढच्या वर्षी मंडळाला खर्चाचे पैसे न मागता मिळाले.

तिसरं, हिवाळ्यात बाहेर पडा. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतली मराठी साहित्य संमेलनं गावकरी स्वतः उभी करतात. तिथे मंडप, पुस्तकांचे स्टॉल, पाहुण्यांची ने-आण, सगळ्याला हात हवे असतात. पाच जण जाऊन दिवसभर राबा. कॉलेजात पाहुणे मिळत नाहीत ही तक्रार त्या एका दिवसाने मिटते, कारण लेखक-कवी तुम्हाला तिथेच भेटतात, आणि ज्याने त्यांना पाणी आणून दिलं त्याचा फोन ते उचलतात.

पद सोडताना

शेवटच्या वर्षी जानेवारीत पुढचा सेक्रेटरी निवडून सोबत घ्या, मार्चपर्यंत थांबू नका. एका वहीत लिहून द्या: कार्यक्रमांच्या तारखा, प्रत्येकाचा खर्च, पाहुण्यांचे फोन, मंडपवाल्याचा दर, स्पीकर कुणाचा चांगला, कोणत्या सरांकडे सहीसाठी सकाळी जायचं आणि कुणाकडे दुपारी. उरलेली कार्डशीट, बॅनर, शिक्का मोजून हातात द्या आणि त्याच वहीत सही घ्या. जुनी भित्तीपत्रकं गुंडाळून, वर तारीख घालून कपाटात ठेवा, मध्ये कडुलिंबाचा पाला घाला. आणि किल्ली शिपाईमामांकडे.

मी ज्या मुलीला वही दिली ती गर्लगुंजीची होती. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं. वही घेताना तिने पहिलं पान उघडलं, आणि विचारलं, "ताई, बुधवारी आणि शनिवारीच थांबले तर चालेल काय?"